सक्तीवाचून

सुरतेच्या पिठावाला मैदानावर ९ नोव्हेंबर २०२५ रोजी मेघालयाच्या आकाशकुमार चौधरी ह्यांनी लागोपाठ ८ षटकार ठोकून ११ चेंडूंत अर्धशतक पुरे केले. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधील हा विक्रम घडला तो रणजी करंडकाच्या कनिष्ठ गटात.

वार्ता वाचून आम्हांस २०२४ चा वाद आठवला. त्या फेब्रुवारीत क्रिकेट मंडळाने ईशान किशन व मुंबईचे श्रेयस अय्यर ह्यांना वार्षिक करारातून वगळले. रणजी सामने टाळल्यामुळे, असे बोलले गेले. अय्यर ह्यांनी पाठदुखी सांगितली होती. मार्चमधील अंतिम सामन्यात त्यांनी ९५ धावा केल्या, मुंबईने ४२ वा करंडक जिंकला, आणि २०२५ मध्ये दोघांनाही करार पुन्हा मिळाले.

दुखणाइतास विश्रांती हवीच. जे ऐच्छिक म्हणावे, त्याचा मागाहून दंड करणेही आम्हांस रुचत नाही.

परंतु वाचकहो, रविवारची मिस्सा आपणांस बंधनकारक आहे, घरची सायंकाळची रोझरी नाही. तिला न बसणाऱ्यास कोणी दंड करीत नाही. म्हणूनच बसणाऱ्याचे प्रेम तेथे कळते. कामावरून दमून आलेल्या मुलास खुशाल निजू द्यावे. तो दमला आहे की कंटाळला आहे, हे त्यास व देवास ठाऊक असते.