आगीचा श्वास

ग्वाल्हेरच्या थंडीची ओळख उत्तरेकडील वाचकांस करून द्यावयास नको. पौषात पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो आणि स्नान हे नित्यकर्म न राहता पराक्रम ठरते. एके काळी या पराक्रमाचा सारथी तांब्याचा बंब असे. त्याच्या पोटातून उभी नळी गेलेली, तळाशी जाळी. जाळीखालून हवा शिरे, नळीतून धूर वर जाई. न्हाणीघराच्या दाराला फटी होत्या, छताशी झरोका होता. आगीला श्वास घ्यावयास जागा होती. मात्र ती मुद्दाम ठेवल्याचे कुणी सांगितले नसल्याने तिचे मोल कुणास कळले नाही.

आता बंब माळ्यावर गेला आणि भिंतीवर गॅसचा गीझर आला. न्हाणीघराचे बाथरूम झाले. दार घट्ट बसू लागले, खिडकीला काच लागली. आग तीच राहिली, तिचा श्वास मात्र कोंडला.

थोडा हिशेब मांडून पाहू. एक किलो स्वयंपाकाचा गॅस पुरता जळावयास सुमारे 12 ते 13 घनमीटर हवा लागते. पाच फूट रुंद, सहा फूट लांब आणि आठ फूट उंच बाथरूममध्ये सातही घनमीटर हवा मावत नाही. गीझर ताशी पाऊण ते एक किलो गॅस जाळतो. म्हणजे पाऊण तासाच्या आत खोलीभर हवा त्याला पुरेनाशी होईल. पण धोका त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. प्राणवायू थोडा उणावला की ज्योत अर्धवट जळू लागते आणि कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. त्यास रंग नाही, वास नाही. गॅस गळला तर जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याचा. या विषाला तसा पहारेकरी नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. डोके जड होते, भोवळ येते, आणि कडी काढावयाचे त्राण उरत नाही.

आपल्यापैकी अनेकांची मुले कॅनडा-अमेरिकेत आहेत. तेथील नव्या घरांच्या तळघरात घर उबदार ठेवणारी गॅसची भट्टी असते आणि पुष्कळदा तिच्यापासून दोन पांढऱ्या नळ्या भिंतीबाहेर गेलेल्या दिसतात. एक बाहेरची हवा आत आणते, दुसरी जळालेली हवा बाहेर टाकते. भट्टी घरातल्या हवेला शिवतही नाही. नळ्यांची तोंडे बर्फाच्या थराच्या वर ठेवतात आणि एकीचा धूर दुसरीत ओढला जाणार नाही, इतके अंतर राखतात. आपल्या बंबाचेच तत्त्व, फक्त जाणीवपूर्वक पाळलेले.

आमच्या घरी गीझर बसवावयाचा ठरला तेव्हा आम्ही मिस्त्रीस सांगितले की, धुराची नळी वरून थेट बाहेर काढ आणि जमिनीलगत चार इंची पाइप भिंतीतून आरपार घाल; उतार बाहेरच्या बाजूला, तोंडाला जाळी. मिस्त्री म्हणाला, “बाबूजी, एग्झॉस्ट पंखा लगवा लीजिए, बस.” परंतु हवा आत येण्यास वाट नसेल, तर पंखा गीझरचा धूरच उलटा खोलीत ओढतो, हे त्यास समजावून द्यावे लागले.

खरा निर्णय मात्र आत्याबाईंनी केला. ऐंशी ओलांडलेल्या आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, “अरे, मी आपली आधीच सांगून ठेवते. पायाशी गार वारा आला की मी त्या भोकात फडकं कोंबणार. मग म्हणू नका, सांगितलं नाही.”

आम्ही त्यांच्याशी वाद घातला नाही. थंडीने काकडणाऱ्या माणसाने बुजवावेसे वाटेल असे छिद्र, ही राखण नव्हे. गीझर मागच्या उघड्या सज्जात लावला आणि गरम पाण्याची तेवढी नळी भिंतीतून आत घेतली. पाणी येईतो थोडा अधिक वेळ जातो, आणि त्याबद्दल आत्याबाई रोज कुरकुरतात. ती कुरकुर आम्हांस गोड वाटते.

वाचकहो, ज्यांच्या घरी गीझर बाथरूममध्येच आहे, त्यांनी ही संक्रांत येण्यापूर्वी धुराची नळी आणि हवेची वाट एकवार पाहून घ्यावी. तोवर बादल्या भराव्या, गीझर बंद करावा, दार उघडून हवा खेळू द्यावी, आणि मगच कडी लावून स्नानास बसावे.