जेवनी का?

शांघायमध्ये पहिल्या आठवड्यात मी एक शब्द शिकले आणि तो शिकावाच लागला नाही. वयाने मोठ्या कुठल्याही बाईला हाक मारायची तर 'आयी' म्हणायचं. भाजीवाली आयी, झाडू मारणारी आयी, ऑफिसमध्ये चहाची भांडी विसळणारी आयी. त्याचा अर्थ मावशी, पण कानाला चक्क 'आई'. घरच्यांना फोनवर हे सांगितलं तर मम्मी म्हणाली, "बघ, इथे कधी म्हणाली नाहीस, तिथे रस्त्यावरच्या बायांना आई म्हणतेस."

तिचंही खरं होतं. आमच्या धुळ्याच्या घरात 'आई' कुणी म्हणत नव्हतं. आम्ही भावंडं 'मम्मी' म्हणायचो आणि पप्पा आजीला 'माय' म्हणायचे. आई हा शब्द मी शाळेच्या पुस्तकात वाचला, नंतर पुण्याच्या नोकरीत मैत्रिणींच्या तोंडून ऐकला. आणि मग २०१८ साली कंपनीने गाड्यांच्या सुट्या भागांच्या खरेदीसाठी शांघायला पाठवलं, तेव्हा दिवसातून वीस वेळा मीच म्हणायला लागले.

तुम्ही रील्समध्ये जे शांघाय बघता ते मी पण बघितलंय. नदीकाठचे झगमगते टॉवर, ८०० किलोमीटरपेक्षा लांब मेट्रो, आवाज न करता मागून येऊन दचकवणाऱ्या इलेक्ट्रिक स्कूटर. पण मी राहायला होते त्साओयांगमध्ये. १९५१ साली गिरणी आणि कारखान्यातल्या कामगारांसाठी बांधायला घेतलेली ही शांघायमधली पहिली कामगार वसाहत. लिफ्ट नसलेल्या बुटक्या इमारती, मध्ये मोठी झाडं आणि प्रत्येक खिडकीतून बाहेर आलेल्या काठ्यांवर वाळत घातलेले कपडे. चादरी, बनियन, हिवाळ्यात तर मीठ लावलेले मासेसुद्धा. पहिल्यांदा ते बघून मला एकदम बरं वाटलं. ज्या शहरात लोक कपडे असे उघड्यावर वाळत घालतात तिथे आपण राहू शकतो, असं काहीतरी.

दुसरी ओळखीची गोष्ट म्हणजे नाईट ड्रेस. शांघायच्या जुन्या वस्त्यांमध्ये लोक फुलाफुलांच्या पायजम्यात खुशाल बाजारात जातात. २०१०मध्ये तिथे वर्ल्ड एक्स्पो भरलं तेव्हा पाहुण्यांसमोर लाज नको म्हणून लोकांना हे सोडायला सांगण्याची मोहीम झाली होती. लोकांनी फारसं मनावर घेतलं नाही. देवपुरात आमच्या गल्लीत गाऊनवर ओढणी टाकून दूध आणायला निघणाऱ्या काकूंना कुणी असं सांगून बघावं.

भाजीबाजारही तसाच. पालेभाजी घेतली की भाजीवाली आयी पिशवीत न मागता दोन-चार काड्या कांद्याची पात टाकायची. आपल्याकडे कोथिंबीर टाकतात तशी. नाही टाकली तर मी थांबून राहायचे. तिला कळायचं. हसायची आणि टाकायची.

वांग्यामुळे माझी खालच्या मजल्यावरच्या आयीशी ओळख झाली. जळगावच्या भरताच्या वांग्यांना २०१६ साली जीआय मानांकन मिळालंय, हे मी ऑफिसमध्ये चिनी लोकांना अभिमानाने सांगायचे. पण ती फिकट हिरवी, गलेलठ्ठ वांगी तिथे कुठून आणणार? तिथली वांगी लांबट, जांभळी, काकडीसारखी. आणि भाजायला कपाशीच्या काड्या नाहीत. एका रविवारी मी तीच काकडी-वांगी गॅसवर ठेवली, खिडकी उघडायला विसरले आणि जिनाभर धूर झाला. दोन मिनिटांत दारावर धडाधड थापा. खालच्या आयी, हातात पाण्याची बादली, अंगात फुलाफुलांचा पायजमा.

मी मोडक्या चिनीत सांगितलं, आग नाही, वांगं आहे. त्यांनी आत येऊन बघितलं. मग बादली खाली ठेवली आणि तिथेच उभ्या राहून मी कांद्याची पात, मिरची, शेंगदाणे घालून भरीत कसं करते ते शेवटपर्यंत बघितलं. एक घास खाल्ला. डोळ्यात पाणी. शांघायच्या जेवणात साखर असते, तिखट जवळजवळ नसतंच. "लय तिखट," म्हणाल्या, आणि वाटीभर घरी घेऊन गेल्या.

त्या कापडगिरणीतून रिटायर झालेल्या होत्या. तशा त्या भागातल्या कितीतरी. सूचौ खाडीच्या काठाने एकेकाळी गिरण्याच गिरण्या होत्या. १९९०च्या दशकात त्या धडाधड बंद झाल्या, लाखो कामगार घरी बसले. त्यातल्या मोकानशान रोडवरच्या एका गिरणीत आता आर्ट गॅलऱ्या आहेत. तरुण मुलं तिथल्या भिंतींपुढे फोटो काढतात. मी आयींना सांगितलं की माझे आजोबा धुळ्याच्या प्रताप मिलमध्ये होते. आणि जळगावला स्टेशनजवळ जी खान्देश मिल होती तिथे आता मॉल आहे. त्यांना हे ऐकून मजा वाटली. म्हणजे तुमच्याकडे पण गिरणीतून शेवटी कॉफीच निघाली, असं काहीतरी म्हणाल्या.

'असं काहीतरी' म्हणायचं कारण, मला त्यांचं निम्मंच कळायचं. मी कंपनीच्या खर्चाने जी चिनी भाषा शिकले ती पुतोंगह्वा, म्हणजे तिथली प्रमाण भाषा. शाळेत, टीव्हीवर, ऑफिसात तीच. आयी माझ्याशी ती बोलायच्या, पण बोलता बोलता घसरून शांघायच्या बोलीत जायच्या. आणि ती बोली वेगळीच. प्रमाण भाषेत 'तू' म्हणजे 'नी', त्यांच्यात 'नोंग'. 'आम्ही' म्हणजे तिकडे 'वोमन', यांच्यात 'आला'. स्वतःच्या शहराला त्या शांघाय म्हणतच नसत, 'झांहे' म्हणायच्या.

पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मला आजीचं 'धुयं' आठवलं. अहिराणीत आपला ळ बऱ्याचदा य होतो. शाळा म्हणजे शाया, डोळा म्हणजे डोया, जळगाव म्हणजे जयगाव. नववीत असताना एका वक्तृत्व स्पर्धेत मी चुकून 'जयगाव' म्हणाले आणि अख्खा हॉल हसला. त्यानंतर मी अहिराणी बोलणं सोडलं. असं कुणी ठरवून सोडत नाही, पण मी ठरवून सोडलं. घरी आजी अहिराणीत विचारायची, मी मराठीत उत्तर द्यायचे. पुण्याला गेल्यावर तर मी इतकी स्वच्छ बोलायला लागले की कुणी विचारलंच तर लोकांना वाटायचं, नाशिकची असेल.

आयींचा नातू दर रविवारी यायचा. बारा-तेरा वर्षांचा, मोबाईलमध्ये डोकं. त्या शांघायच्या बोलीत विचारायच्या, तो प्रमाण भाषेत एका शब्दात उत्तर द्यायचा. एकदा मी तिथे बसलेली असताना त्या त्याला काहीतरी म्हणाल्या आणि तो वर न बघता म्हणाला, "आजी, नीट बोल ना." मी खाली मान घालून शेंगदाणे सोलत राहिले.

२०२० आलं. त्याआधी माझं आणि घरचं बोलणं वीचॅटवर चालायचं, कारण तिथे व्हॉट्सॲप २०१७पासून बंद आहे. मम्मीने खास माझ्यासाठी वीचॅट घेतलं होतं. जूनमध्ये गलवान झालं आणि २९ जूनला भारताने एकदम ५९ चिनी ॲप बंद केली. त्यात वीचॅट होतं. म्हणजे तिकडचं ॲप इकडे बंद, इकडचं तिकडे बंद. मधून व्हीपीएन लावून कसाबसा कॉल लागायचा, तोही अर्ध्या वाक्यात तुटायचा. थेट विमानं आधीच थांबली होती. भारतात येणं जमलं असतं, पण परत जाता येईल याची खात्री नव्हती. मी राहिले. नोकरीसाठी राहिले, हे स्पष्ट सांगते. घराचे हप्ते होते.

या काळात आजीला विसर पडायला लागला. मम्मी फोनवर सांगायची, आज गॅस चालू ठेवला, आज मला ताई म्हणाली. दुरून ऐकताना ते गमतीसारखं वाटायचं.

१ एप्रिल २०२२ला आमच्या बाजूचं शांघाय बंद झालं. चार दिवस म्हणून सांगितलं होतं, दोन महिने चाललं. अडीच कोटींचं शहर आणि रस्त्यावर फक्त पक्ष्यांचा आवाज. सकाळी खाली भोंगा वाजायचा, टेस्टला या. बाकी दिवसभर दाराच्या आत. ऑनलाईन भाजी मागवायला सकाळी सहाला उठून बोट तयार ठेवायचं, आणि मिनिटभरात सगळं संपलेलं असायचं. सरकारी पेटी आली तर त्यात डुकराचं मांस. मी शाकाहारी. तिसऱ्या आठवड्यात माझ्याकडे तांदूळ, मसाला आणि चार कांदे उरले होते.

बिल्डिंगच्या ग्रुपवर मी लिहिलं, मांस घ्या, भाजी द्या. दहा मिनिटांनी दाराच्या कडीला कुणीतरी पिशवी अडकवल्याचा आवाज आला. दार उघडलं तर आयी अर्ध्या जिन्यात, मास्क लावून, अंतर ठेवून. पिशवीत कोबी, दोन बटाटे, आणि कांद्याच्या पातीच्या काड्या. त्यांनी विचारलं, "वे छिक् कु वा?"

तोपर्यंत एवढं कळायला लागलं होतं. जेवलीस का?

त्यानंतर रोज दुपारी त्या जिन्यातून हाक मारायच्या. तेवढंच. वे छिक् कु वा. मी वरून म्हणायचे, हो. दिवसात माणसाशी झालेलं माझं बोलणं बरेचदा तेवढंच असायचं.

त्याच आठवड्यात एका रात्री कॉल लागला आणि मम्मीने फोन आजीच्या कानाला लावला. मी म्हणाले, "आजी, मी बोलतेय. कशी आहेस?" ती गप्प. मी पुन्हा म्हणाले, "आजी, ओळखलंस का?" तिने फोन मम्मीच्या हातात दिला. लांबून मला तिचा आवाज आला, "कोनी पुनानी बाई शे."

कुणीतरी पुण्याची बाई आहे. फोन तुटला. त्या रात्री पुन्हा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आयींनी जिन्यातून विचारलं. मी नेहमीसारखं हो म्हणाले आणि दार लावणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, तुमच्या घरी हे कसं विचारतात? मी तोंड उघडलं आणि 'जेवलीस का' ओठांवर आलं. पण तसं मला घरी कधी कुणी विचारलंच नव्हतं. ते वाक्य माझ्या पुस्तकातलं होतं. मी म्हणाले, "जेवनी का."

त्यांनी दोन-तीनदा घोळवलं. जवनी का. जेवनी का. बरोबर आलं तेव्हा दोघी हसलो.

रात्री अकरा वेळा लावल्यावर कॉल लागला. मी मम्मीला म्हटलं, फक्त आजीला दे. किती वर्षांनी बोलत होते कोण जाणे, लाज वाटत होती. चौदा वर्षांची असल्यासारखी. "आजी, मी शे. तुनी नात." थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग तिने विचारलं, "जेवनी का?"

नाव तिने घेतलं नाही. नाव आठवलं असेल असंही मी म्हणणार नाही. पण पुण्याची बाई गेली होती. मी तिला कोबी सांगितला, बटाटे सांगितले, खालच्या मजल्यावरच्या बाईबद्दल सांगितलं. अर्धी वाक्यं मराठीत घसरत होती, मग सावरत होते. अगदी आयी घसरायच्या तशी, फक्त उलट्या बाजूने.

२०२३च्या शेवटी मी कायमची परत आले. निघायच्या दिवसात शांघायच्या बोलीत केलेली एक मोठी मालिका टीव्हीवर सुरू व्हायची होती, वाँग कार-वाय या नावाजलेल्या दिग्दर्शकाची. आयी तिची वाट बघत होत्या. त्यांचं म्हणणं होतं, आता नातू ऐकेल, कारण हिरो तसं बोलतो. नंतर त्यांनी ईमेलवर सुनेकरवी कळवलं की नातवाने तीन भाग पाहिले, चौथ्याला झोपला. पण 'नोंग' म्हणायला लागलाय, चिडवायला का होईना.

आजी माझ्या येण्यानंतर पाच महिने होती. माणसं, मांजर, टीव्हीवरची बातमी देणारी, सगळ्यांना ती एकच विचारायची. मी हो म्हणायचे. दहा मिनिटांनी पुन्हा हो म्हणायचे.

२०११च्या जनगणनेत खान्देशी या भाषेखाली मोजलेले १८ लाखांहून जास्त लोक आहेत. आकडा मोठा वाटतो. पण आमच्या घरात आता पप्पा शेजाऱ्यांशी बोलतात तेवढीच. मम्मी माझ्या भाच्याशी मराठीत बोलते, त्याच्या शाळेतून इंग्रजीत बोला म्हणून निरोप येतो. मी त्याला काही शिकवत वगैरे नाही, शिकवायला गेलं की पळतो. रोज दुपारी तो शाळेतून आला की फक्त एक विचारते, "जेवना का?"

पहिले कित्येक आठवडे तो म्हणायचा, "मावशी, नीट बोल ना." मी काही बोलले नाही. परवा दप्तर फेकता फेकता म्हणाला, "हाव."

वर बघितलं नाही त्याने. मोबाईल शोधत होता.