गेलं का रे?

आपण आयटीवाले ‘सेव्ह’ आणि ‘सबमिट’ हे शब्द सर्रास फेकतो. त्यातला फरक किती महागात पडू शकतो ते ई-पीक पाहणीत कळतं.

१५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रभर शेतकऱ्यानं पेरा स्वतःच मोबाइलवरून नोंदवायचा. आधी हे काम तलाठ्याचं. गट निवडा, पीक निवडा, क्षेत्र टाका आणि शेतात उभं राहून फोटो काढा. फोटोबरोबर अक्षांश-रेखांशही जातात. म्हणजे घरबसल्या फॉर्म भरायची सोय नाही, आणि रेंज नसते ती नेमकी शेतातच! म्हणून माहिती आधी फोनमध्ये साठते, रेंजमध्ये आलं की अपलोड करायची. डिझाइन म्हणून मला हे एकदम पटतं.

पण काकांच्या लेखी फोटो निघाला की नोंद झाली. म्हटलं, "काका, ती अजून तुमच्या खिशातच आहे." सातबाऱ्यावर पीक चढलं नाही तर नुकसानभरपाईच्या वेळी पंचाईत. मग दोघं देवळाच्या ओट्यापर्यंत चालत गेलो, तिथे दोन दांड्या येतात. अपलोड दाबलं. चक्र फिरत राहिलं...

"गेलं का रे?"

"गेलं."

काकांनी चष्मा लावून स्वतः एकदा बघितलं, मगच चहाला चल म्हणाले.