एका फितीवर चार आवाज

१/५
भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगरच्या आयुध निर्माणी वसाहतीत वाजलेली कॅसेट असो वा न्यू जर्सीतली, फितीची रुंदी एकच : ३.८१ मिलिमीटर. तिच्यावर चार ध्वनिमार्ग. दोन ‘ए’ बाजूचे, दोन ‘बी’ बाजूचे.

२/५
१९७९ साली जपानच्या टीॲक कंपनीने ‘पोर्टास्टुडिओ १४४’ हे यंत्र आणले. त्यात चारही मार्ग एकाच दिशेने चालत आणि फीत दुप्पट वेगाने धावे. आधी गिटार मुद्रित करावी, मग ती ऐकत दुसऱ्या मार्गावर गावे. एकट्या माणसाचा वाद्यवृंद झाला.

३/५
जानेवारी १९८२. न्यू जर्सीतील भाड्याच्या घरात ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी याच यंत्रावर कच्ची गाणी मुद्रित केली. पुढे स्टुडिओत साथीदारांसह ती पुन्हा करून पाहिली. पण त्या घरातला एकांत त्यांत उतरेना. अखेर खिशातून फिरलेली तीच कॅसेट ‘नेब्रास्का’ या नावाने प्रकाशित झाली.

४/५
अशी फीत साध्या टेपरेकॉर्डरवर लावली, की गाणे निम्म्या वेगाने रेंगाळते आणि दोनच मार्ग ऐकू येतात. बाजू बदलली, तर उरलेले दोन उलटे वाजतात. ऐकणारा ती बिघडलेली समजून टाकून देतो.

५/५
म्हणून जवाहरनगरच्या असोत वा आणखी कुठल्या, कपाटातल्या जुन्या कॅसेट आवरताना घाई नसावी. कदाचित फीत शाबूत असेल. तिला वाचणारे यंत्र तेवढे घरात नसेल.