परसातली रायमुनिया आणि बाबांची सुबाभूळ



दोन उन्हाळ्यांआधीची गोष्ट. चारा संपत आला होता. गोऱ्हा नेहमीच्या जागी न बांधता मी परसात सावलीला बांधला. बाजूलाच रायमुनियाचं बन. तिकडं पुण्याकडं हिले घाणेरी म्हणतात. जनावर सहसा तिले तोंड लावत नाही, पण भुकेलं होतं. आठ दिवसांत त्याचे डोळे पिवळे झाले, कानाची अन् नाकाची कातडी उन्हानं सोलून निघाली. डॉक्टर म्हणाले, लिव्हर गेलं. तो वाचला नाही. दावं मीच बांधलं होतं, दुसऱ्या कोणाले काय बोलू?

तोवर दर दिवाळीत कुऱ्हाडीनं वरवर छाटायचो. ती दुप्पट फुटायची. बाजूच्या पाड्यावरचे एक कोरकू म्हातारबाबा हसून म्हणाले, "भाऊ, केस कापल्यानं माणूस मरते का?" त्यांनीच खोड जमिनीत जिथं शिरते तिथली गाठ दाखवली. सारे फुटवे तिथूनच निघतात. मंग जमिनीच्या दोन-तीन बोटं खाली मूळ तोडायचं, झुडूप उचलायचं अन् मुळं वर करून उलटं ठेवायचं. ओल्या मातीले फांदी टेकली का ती पुन्हा मुळं धरते, म्हणून उलटं. पुढं वाचण्यात आलं का दिल्ली विद्यापीठाचे सी. आर. बाबू यांनीही हीच रीत जंगलासाठी सांगितली आहे. इंग्रजांनी शोभेसाठी कलकत्त्याच्या बागेत आणलेलं हे झाड आज आपल्या मेळघाटच्या जंगलातही माजलं आहे. फळं बुलबुल खातात अन् बी पेरत फिरतात.

मी मात्र त्या वर्षी घाई केली. राग होता मनात. पाव एकराची उताराची जागा चार दिवसांत सारी उघडी केली, मुळासकट. अन् चिखलदऱ्याचा पाऊस तुम्हाले माहीत आहे. एका रात्री घरचीनं लावलेली हळद-अद्रक अन् वरची चांगली माती खाली नाल्यात गेली. सकाळी ती काही बोलली नाही, नुसती उभी राहून पाहत होती.

मागल्या वर्षीपासून पट्टे पाडले. वरून खाली नाही, उताराले आडवे. एक पट्टा काढायचा, तिथं लगेच मारवेलचे ठोंब लावायचे, ते धरले का मंग खालचा पट्टा. काढलेल्या काड्या आडव्या रचल्या का मातीही अडते, पण हिरव्या नाही, फळं असलेल्या तर मुळीच नाही. हातात जाड मोजे घाला, काटे बारीक असतात. अन् जागा सोडून देऊ नका. माझ्या पहिल्या पट्ट्यात यंदाही शेकडो रोपं उगवली. ती ओल असताना दोन बोटांनी निघतात, कामाचं म्हणाल तर हेच सोपं आहे.

आता राहिली सुबाभूळ. उरुळीकांचनचे मणिभाई देसाई अन् बायफ यांच्या प्रचारानं ती गावोगाव गेली त्या काळात बाबांनी बकऱ्यांसाठी चार झाडं लावली होती. ती वाईट नव्हती, त्या चाऱ्यावर आमचं घर चाललं. पण आता शेंगा फुटून सगळ्या परसात तिचंच रान झालं. लहान रोपं पहिल्या पावसानंतर हातानं उपटली. मोठी तीन तोडली, सरपण झालं. बुंधे मात्र पुन्हा पुन्हा फुटतात, दर पंधरा दिवसांनी फुटवे खरडतो. औषध लावायचं नाही, खाली विहीर आहे.

चौथं झाड बाबा ज्याखाली खाट टाकून बसत ते. घरची म्हणते, "ते राहू द्या." मी शेंगा वाळायच्या आत तोडून घेतो अन् बकऱ्यांले घालतो, यंदा दोनदा शिडी लावून चढलो.

बुंध्यांचं कोणी औषधाविना केलं असेल तर कमेंटमधी सांगा. किती महिने लागले तेही लिहा.