चांदोबाचा घास

गच्चीवर सतरंजी टाकून भाचीला वरणभात भरवत होते. साडेतीन वर्षांची पोर. चिऊचा घास झाला, काऊचा झाला, मनीमाऊचाही पोटात गेला. तेवढ्यात झावळ्यांआडून चंद्र वर आला आणि आजीकडून ऐकलेलं चांदोबाचं गाणं माझ्या ओठांवर आलं. थकलेला चांदोबा, निंबोणीचं झाड, मामाचा चिरेबंदी वाडा, तूप-रोटीचा बेत. आणि शेवटी ती माशी! नेमकी तुपातच पडते आणि बिचारा चांदोबा न जेवताच राहतो.

गाणं संपलं. भाचीनं माझ्या बोटांतला घास काढून घेतला आणि मूठ आभाळाकडे उंच केली. वरण कोपरापर्यंत ओघळलं, दोन शितं फ्रॉकवर पडली. "घे ना रे," ती चंद्राला म्हणाली.

उपाशी असलेल्याला आपल्यातलं द्यावं, हे तिला त्या संध्याकाळी कुणी सांगितलं नव्हतं. गाण्यातही उपदेशाचं अक्षर नाही. आभाळ, जेवण आणि गोष्ट एका ताटात कालवलेली, बस्स. पण तेवढ्यानं चंद्र तिच्या पंगतीला येऊन बसला.

पावसाचं गाणंही तसंच. मूल पावसाला पैशाचं आमिष दाखवतं, पैसा खोटा निघतो, तरी पाऊस मोठा येतो. बोध शोधायला जाल तर ही सरळ फसवणूक. मुलाला मात्र त्यात पाऊस भेटतो. खोट्या पैशावर न रुसणारा, मोठ्या मनाचा.

ही गंमत विंदा करंदीकरांनी फार मनापासून जपली. ॲरिस्टॉटलचं काव्यशास्त्र मराठीत आणणारे, ज्ञानपीठानं गौरवलेले हे कवी; त्यांनी मुलांसाठी दहाहून अधिक संग्रह लिहिले. भायखळ्याच्या बागेचं नाव घेऊन १९६१ साली 'राणीची बाग' आली. पुढे 'सशाचे कान', 'परी ग परी' आणि कुठल्याच नकाशात न सापडणारा 'एटू लोकांचा देश'. मुलांसाठी लिहिताना त्यांनी आपली प्रतिभा राखून ठेवली नाही. शब्द आधी जिभेवर नाचावा, अर्थ मागाहून सावकाश यावा, हा मुलांचा हक्क त्यांनी मानला.

आपण मोठी माणसं तो हक्क फार लवकर काढून घेतो. कविता म्हणून होते न होते तोच विचारतो, "मग यातून काय शिकलास?" मुलाचा चेहरा उतरतो. आभाळाकडे गेलेली मूठ खाली येते.

म्हणून एक विनंती. आज रात्री घरातल्या मुलाला एखादी कविता म्हणून दाखवा. संपल्यावर काही विचारू नका. "पुन्हा!" असं ते म्हणालं, तर पुन्हा म्हणा.