व्हीचा प्रवास

आजोबा तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला घोकून इंग्रजी शिकले. त्यांनी जन्मभर कचेरीचे अर्ज आणि टिपणं इंग्रजीत लिहिली. ते 'व्हेरी गुड' म्हणायचे तेव्हा त्या 'व्ह'मध्ये भरघोस श्वास असायचा. पाचवीत मला इंग्रजी शिकवायला आलेल्या सरांचा 'व्हॅन'ही तसाच होता. साहजिकच माझाही तसाच झाला.

इंग्रज माणूस हा ध्वनी वरचे दात खालच्या ओठावर टेकवून, मधून वारा घासत काढतो. आपल्या 'व'मध्ये ते घर्षण जवळजवळ नसतं. मग 'वेस्ट' आणि 'व्हेस्ट' वेगळे ठेवायचे कसे? मराठीकडे उपाय तयार होता. 'नव्हता', 'जिव्हाळा', 'व्हावं' यांतला व्ह आपण इंग्रजी शब्दांना दिला. हिंदीत 'टीवी' लिहितात, आपण 'टीव्ही'.

नोकरीनिमित्त हैदराबादला राहिले. शेजारच्या टेबलावरचे बंगाली सहकारी 'भेरी गुड' म्हणत, तर समोरचे बिहारी गृहस्थ 'इस्टेशन'ला जात. दोघांचं इंग्रजी अस्खलित होतं आणि दोघांच्या बोलण्यात आपापल्या भाषेची शिस्त होती. श्रीनगरमध्ये जन्मलेले भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरू यांनी अमेरिकेत शिकवताना हेच हिरिरीनं मांडलं, की भारतातल्या, आफ्रिकेतल्या इंग्रजीला स्वतःचे नियम असतात, तिला इंग्लंडच्या फूटपट्टीनं मोजू नये.

मला ते पटतं, कारण आमच्या घरात कुणीच इंग्रज माणसाकडून इंग्रजी शिकलं नाही. आजोबांचे मास्तर मराठी, माझे सर मराठी. पिढ्यान्‌पिढ्या आपलेच लोक आपल्याच लोकांना शिकवत गेले, की लकबी मुरतात आणि त्यांची रीत होते. सिंगापूरला वाढलेली माझी भाची बोलता बोलता वाक्याच्या शेवटी 'ला' जोडते. तिथल्या सरकारनं 2000 साली चांगल्या इंग्रजीसाठी मोहीम उघडली, तरी खाऊगल्ल्यांतला 'ला' टिकून आहे. शेजाऱ्यापाजाऱ्यांत जवळीक दाखवायला तो लागतो.

आता कधी कधी मी मुलाखती घ्यायला बसते. खेड्यातून आलेल्या हुशार मुलीला उत्तर येत असतं, पण आपला उच्चार ऐकून कुणी हसेल या धास्तीनं ती गप्प होते. मला त्याचं फार वाईट वाटतं. अशा वेळी मी माझा प्रश्न मुद्दाम सावकाश, आजोबांच्या भरघोस 'व्ह'नं विचारते. पुष्कळदा ती बोलू लागते, आणि मग तिला विषय किती येतो ते कळतं.